बिबट्या, भय आणि विवेक

२० फेब्रुवारी २०१९ ची पहाट. ठाण्याच्या समतानगर भागातील कोरम मॉल अजून उघडायचा होता. साडेपाचच्या सुमारास तेथील वाहनतळाच्या कॅमेऱ्यात एक बिबट्या चालताना टिपला गेला. थोड्याच वेळात तो तेथून निसटला आणि जवळच्या एका हॉटेलच्या आवारात जाऊन दडला. वनविभाग, पोलीस, अग्निशमन दल आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे बचाव पथक धावले. काही तासांच्या प्रयत्नांनंतर त्याला बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालून नेण्यात आले. दिवसभर वृत्तवाहिन्यांवर तीच दृश्ये फिरत होती आणि घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता, ‘हा येथे आला कसा?’

प्रश्न स्वाभाविक होता, परंतु अपुरा होता. बिबट्या या भूमीवर पूर्वी कधी नव्हता आणि आज अकस्मात उपटला, असे त्यात गृहीत धरलेले होते. वस्तुस्थिती उलट आहे. ठाण्याच्या डोंगरांत बिबट्या पूर्वीपासून आहे; त्याच्या वाटेवर मॉल, महामार्ग आणि गृहसंकुले नंतर आली. ही गोष्ट ध्यानात घेतली की प्रश्नाचे रूप बदलते. ‘तो येथे आला कसा?’ याऐवजी ‘तो येथे असणारच आहे, तर आपले वर्तन कसे असावे?’ असे विचारावे लागते. अहिंसा आणि जीवदया ही मूल्ये ज्या घरांत लहानपणापासून शिकवली जातात, त्या घरांना हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटावयास हवा.

डोंगर आणि खाडी यांच्या मधोमध

बाळकुम हे या प्रश्नाचा विचार करण्यास योग्य असे ठिकाण आहे. एकेकाळचे हे आगरी-कोळी वस्तीचे गाव आज ठाणे महानगराचा गजबजलेला भाग बनले आहे. एका अंगाला खाडी आणि तिच्या काठची खारफुटी, दुसऱ्या अंगाला घोडबंदर रस्त्यापलीकडे उभी असलेली येऊरची डोंगररांग. कापूरबावडीहून भिवंडीकडे जाणारा रस्ता बाळकुम नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे वळतो. त्याच मार्गाने ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो ५ ची आखणी झालेली आहे. जेथे शेते आणि कारखान्यांच्या भिंती होत्या, तेथे आता उंच मनोरे आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यांवरील गच्चीत उभे राहिले की पावसाळ्यात येऊरचा हिरवा डोंगर हाताशी आल्यासारखा भासतो. घर घेताना या दृश्याचे मोल वेगळे मोजले जाते. मात्र त्या हिरवाईत राहणाऱ्यांची नोंद कोणत्याही करारपत्रात नसते.

ती नोंद गावांच्या नावांत आहे. बाळकुमपासून थोड्याच अंतरावर घोडबंदर रस्त्यावर ‘वाघबीळ’ आहे. रोज बसच्या पाटीवर वाचले जाणारे हे नाव नेमके काय सांगते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ग्रामीण मराठीत ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघ आणि बिबट्या या दोघांनाही लावला जातो. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जिल्ह्यातील वन्य प्राण्यांत या दोघांचाही उल्लेख आहे. पुढे पट्टेरी वाघ येथून नाहीसा झाला. बिबट्या मात्र टिकला, कारण थोडक्यात भागवणे, लपून राहणे आणि माणसाला टाळणे या तिन्ही गोष्टी त्याला उत्तम साधतात.

बाळकुमचा रहिवासी बिबट्या प्रत्यक्ष पाहतो तो क्वचितच. भ्रमणध्वनीवर मात्र वारंवार पाहतो. कोठली तरी जुनी चित्रफीत ‘आत्ताच आपल्या मागच्या फाटकाजवळ’ अशा मजकुरासह समूहांवर येते. मुलांना खाली खेळायला पाठवणे बंद होते, पहारेकऱ्यांच्या हाती काठ्या येतात आणि ‘वनविभागाला सांगून पिंजरा लावून घ्या’ असा ठराव मांडला जातो. भीती खोटी नसते. तथापि भीतीच्या भरात सुचवलेला उपाय बरोबरच असेल, असे नाही.

तो शहरात का येतो?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत ते पसरलेले असून येऊर हा त्याचा ठाण्याकडील भाग. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, अंगावरील ठिपक्यांच्या रचनेवरून एकेक बिबट्या ओळखून, येथे गणना केली जाते. उद्यान आणि आरेसारखा लगतचा परिसर मिळून २०१५ मध्ये ३५, २०१८ मध्ये ४७ आणि त्यानंतरच्या अभ्यासात ५४ बिबट्यांचा अंदाज निघाला. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालानुसार देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. महानगराच्या कुशीतील एवढ्याशा वनात त्यांची जी दाटी आहे, ती जगात फारच थोड्या ठिकाणी आढळेल.

ही दाटी केवळ हरणे आणि माकडे यांच्यावर पोसली जात नाही. उद्यानाच्या कडेला जेथे जेथे कचऱ्याचे ढीग आहेत, तेथे भटकी कुत्री आणि डुकरे आहेत. आणि जेथे ती आहेत, तेथे रात्री बिबट्या येतो. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. उसाच्या शेतांनी वेढलेल्या, भरपूर लोकवस्तीच्या त्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे राहत होते, आणि वजनाच्या हिशेबात त्यांच्या आहाराचा ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. तेथे वन जवळजवळ नव्हतेच, तरी माणसांवरील हल्ले अत्यंत विरळ होते. वस्तीत बिबट्या असणे आणि वस्तीवर बिबट्याने हल्ला करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

याच नाण्याची आणखी एक बाजू २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडली गेली. मुंबईतील बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत. त्यामुळे श्वानदंशाच्या सुमारे एक हजार घटना टळत असाव्यात आणि रेबीजने होणारे ९० पर्यंत मृत्यू वाचत असावेत, असा अंदाज त्यात होता. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. तरीही ज्याला केवळ नुकसानीच्या खात्यावर टाकले जाते, त्याच्या नावे काही जमाही आहे, एवढे त्यातून कळते.

मग मॉलमध्ये किंवा इमारतीत शिरतो तो कोण? अनेकदा तो आईपासून नुकताच वेगळा झालेला तरुण प्राणी असतो. बिबट्याची पिल्ले दीड-दोन वर्षांची झाली की त्यांना स्वतःचा प्रदेश शोधावा लागतो. चांगल्या जागा आधीच अडलेल्या असतात. रात्री चालता चालता पहाट होते, रहदारी सुरू होते, परतीची वाट बंद होते आणि तो भेदरून समोर दिसेल त्या अंधाऱ्या आडोशाला शिरतो. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेच्या चिंचपाडा भागातील एका इमारतीत शिरलेला बिबट्या असाच अडकला. काही जण जखमी झाले. दिवसभर चाललेल्या मोहिमेनंतर त्याला जेरबंद करण्यात आले. त्याआधी १३ जानेवारी २०१८ रोजी मुलुंडच्या नानेपाडा वस्तीतही अशीच घटना घडून सहा जण जखमी झाले होते. कोंडी झालेल्या प्राण्याने जिवाच्या आकांताने मारलेले पंजे आणि शिकारीसाठी केलेला हल्ला यांत फरक आहे. जखमी झालेल्याच्या वेदनेत मात्र त्याने उणेअधिक होत नाही, हेही तितकेच खरे.

‘पकडा आणि लांब सोडा’ या उपायाचा हिशेब

बिबट्या दिसला की त्याला पकडून दूर जंगलात सोडावे, ही मागणी सर्वांत दयाळू वाटते. प्राणी जिवंत राहतो आणि वस्ती निर्धास्त होते. हा उपाय महाराष्ट्राने करून पाहिला आहे आणि त्याचा ताळेबंद उपलब्ध आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसाच्या पट्ट्यात बिबट्यांची संख्या वाढली, तेव्हा फेब्रुवारी २००१ पासून त्यांना पकडून अन्यत्र वनांत सोडण्याची मोहीम हाती घेण्यात आली. त्यापूर्वी, १९९३ ते २००१ या काळात, तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहिमेनंतर, २००१ ते २००३ या काळात, ही सरासरी सतरा झाली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. डॉ. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कारण समजण्यास कठीण नाही. बिबट्या स्वतःच्या प्रदेशातील प्रत्येक ओहोळ, आडोसा आणि माणसांच्या वेळा ओळखून असतो. त्या ओळखीमुळेच तो माणसाला टाळू शकतो. पिंजऱ्यात दिवस काढलेला, जखमी, भेदरलेला प्राणी अनोळखी मुलखात सोडला की ही ओळख नाहीशी होते. इकडे त्याची मोकळी झालेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही. दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, बिबट्या तेथे येतो. अर्थात एका ठिकाणचे कर्ज फेडण्यासाठी दोन ठिकाणी नवे कर्ज काढावे, तसा हा व्यवहार होतो.

परत फिरण्याची त्याची ओढ किती प्रबळ असते, याचे उदाहरण ‘आजोबा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिबट्याने घालून दिले. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातील एका विहिरीत पडलेला हा पोक्त नर गळ्यात संदेशपट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. तेथून सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत वस्त्या, रस्ते आणि रेल्वेमार्ग होते. त्याने कोणालाही त्रास दिला नाही. २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेने त्याचा अंत झाला. त्याच्यावर २०१४ मध्ये निघालेला सुजय डहाके दिग्दर्शित मराठी चित्रपट अनेक कुटुंबांनी पाहिला असेल. माणसाने बिबट्याला मारल्याची बातमी होते; रस्त्याने बिबट्याला मारल्याची फारशी होत नाही.

मुंबई-ठाण्यानेही हा धडा किंमत मोजून गिरवला आहे. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात हल्ल्यांचे सत्र सुरू झाले आणि जून २००४ या एकाच महिन्यात दहाच्या आसपास माणसे बळी पडली. त्या वर्षांत ठिकठिकाणी पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. पुढे ही पद्धत आवरती घेण्यात आली. २०११ मध्ये उद्यानाचे तत्कालीन प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकाराने संशोधक आणि नागरिक यांना सोबत घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. बिबट्याला हलवण्याऐवजी माणसांना समजावणे, कचरा हटवणे, पोलीस आणि वनरक्षकांना प्रशिक्षण देणे अशी त्याची दिशा होती. त्यानंतर हल्ले पूर्णपणे थांबले नाहीत. तथापि २००४ ची पुनरावृत्तीही झाली नाही.

किंमत कोण मोजते?

या विषयावर बोलताना मनोऱ्यांतील रहिवाशांनी एक गोष्ट विसरता कामा नये. भीती सर्वत्र सारखी पसरते. धोका मात्र सारखा नसतो. बाळकुमच्या विसाव्या मजल्यावरील कुटुंबाला बिबट्यापासून असलेला धोका नगण्य आहे. येऊरच्या पाड्यांवर किंवा आरेच्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाचे तसे नाही. तेथील घराला कुंपण नसते, वाटेवर दिवा नसतो आणि कित्येकदा घरात शौचालय नसते. बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले आणि अंधारात उघड्यावर बसलेली माणसे अधिक सापडतात, कारण उभा असलेला पुरेशा उंचीचा माणूस त्याला भक्ष्य वाटत नाही. खाली वाकलेली किंवा बुटकी आकृती वाटू शकते. सप्टेंबर २०२१ मध्ये आरे वसाहतीत घराबाहेर ओट्यावर बसलेल्या एका ज्येष्ठ महिलेवर मागून बिबट्याने झडप घातली, तेव्हा हातातील चालण्याच्या काठीने तिने त्याला परतवून लावले. कॅमेऱ्यात टिपलेले तिचे ते धैर्य देशभर पाहिले गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, त्याच आरेत एक तान्ही मुलगी दगावली. अशा घरापुढे सहजीवनाची शिकवण देणे शहाणपणाचे नाही. तेथे आधी दिवा, शौचालय, कचऱ्याची गाडी आणि मुलांना शाळेत नेणारे सुरक्षित वाहन पोहोचले पाहिजे. बिबट्याविषयीची दया आणि पाड्याविषयीची करुणा यांत निवड करावी लागत नाही. दुसरी असेल तरच पहिलीला अर्थ येतो.

गंमत अशी की, सर्वाधिक धोका पत्करणारे लोकच बिबट्याचा सर्वांत कमी द्वेष करतात. वारली समाजात ‘वाघोबा’ हा देव आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत संशोधकांनी वाघोबाच्या दीडशेहून अधिक देवस्थानांची नोंद केली आहे. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, त्याला लावलेला शेंदूर आणि वाघबारसेला होणारी पूजा यांमागे एक अलिखित करार असतो: आम्ही तुझा मान राखू, तू आमच्या लेकरांना राख. भय त्यांनाही वाटते. पण त्या भयाला त्यांनी शिस्त लावली आहे.

दयेला विवेकाची जोड

जैन परंपरेला हिंस्र प्राणी परका नाही. भगवान महावीरांचे लांछनच सिंह आहे. समवसरणाच्या चित्रांत सिंह आणि गाय शेजारी शेजारी बसलेले दिसतात. महावीरांच्या पूर्वभवांच्या कथांत सिंहाचा एक भवही येतो. ज्या जीवाच्या दाढा रक्ताने माखलेल्या आहेत, त्याच्यातही तोच आत्मा आहे, ही शिकवण या समाजाच्या बालपणीच्या कथांतूनच मनावर ठसलेली असते.

जीवदयेचा इतिहासही मुंबईशी जोडलेला आहे. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ मध्ये मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ स्थापन झाली. भाकड गाई, जखमी पक्षी आणि बेवारस कुत्री यांना आसरा देणारी ही परंपरा आजही जैन कुटुंबांच्या दानावर मोठ्या प्रमाणात चालते. परंतु गाईला जो आसरा आहे, तो बिबट्याला तुरुंग आहे. रात्रीत कित्येक किलोमीटर फिरणाऱ्या, एकट्याने राहणाऱ्या प्राण्याला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला मारले नाही, एवढेच. बचाव केंद्रांत अशा जन्मठेपेवर असलेले बिबटे आधीच आहेत. त्यांत आपल्या फाटकाजवळून एकदा गेलेल्याची भर घालण्यात दया कोणती?

दुसरा प्रश्न अधिक जवळचा आणि अधिक नाजूक आहे. अनेक श्रद्धाळू कुटुंबे सायंकाळी संकुलाबाहेर कुत्र्यांना पोळ्या, बिस्किटे, उरलेले अन्न घालतात. हेतू निर्मळ असतो. पण डोंगराच्या किंवा खारफुटीच्या कडेला, अंधार पडताना, उघड्यावर टाकलेले अन्न कुत्र्यांचे कळप तेथे स्थिर करते. आणि तो कळप बिबट्यासाठी वाढलेल्या ताटासारखा असतो. एका जीवाला घास देताना त्याला दुसऱ्याचे भक्ष्य बनवावे आणि तिसऱ्याच्या, म्हणजे जवळच्या पाड्यावरील मुलाच्या, जिवाला धोका वाढवावा, हा दयेचा हेतू खचितच नसतो. कुत्र्यांना उपाशी ठेवावे असा याचा अर्थ नाही. ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ नुसार गृहनिर्माण संस्थेने खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवून द्यावयाची आहे. लहान मुलांची खेळण्याची जागा, जिना आणि प्रवेशद्वार यांपासून ती दूर असावी लागते. ती जागा उजेडात ठेवावी, वेळ दिवसाची निवडावी, उरलेले लगेच उचलावे आणि त्याच कुत्र्यांच्या निर्बीजीकरण व लसीकरणासाठी पैसे व वेळ द्यावा. रोजच्या पोळीपेक्षा हे दान अधिक कष्टाचे आहे, म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

येथे पाच समितींचे स्मरण व्हावे. साधू-साध्वींसाठी सांगितलेल्या या सावधानतेच्या नियमांत गृहस्थालाही पुष्कळ घेण्यासारखे आहे. ईर्या समिती पाहून, सावधपणे चालण्यास सांगते. भाषा समिती तोलून मापून बोलण्यास सांगते. अखेरची उत्सर्ग समिती, जिला परिष्ठापनिका समितीही म्हणतात, त्याज्य वस्तू कोणत्याही जीवाला पीडा होणार नाही अशा जागी टाकण्यास सांगते. बिबट्यासंबंधी वनविभाग आणि संशोधक जे सांगतात, ते या तीन समितींहून फार वेगळे नाही.

गृहसंकुलांनी काय करावे?

त्याज्य वस्तूंपासून आरंभ करावा. ओला कचरा झाकणबंद डब्यांत, आवाराच्या आत ठेवावा. भिंतीपलीकडे पिशवी भिरकावण्याची सवय मोडून काढावी. मंदिर, उपाश्रय किंवा सभागृह येथील भोजनसमारंभानंतर उरलेल्या अन्नाची व्यवस्था त्याच दिवशी व्हावी. बांधकामांच्या ठिकाणी कामगारांच्या तात्पुरत्या वस्त्या असतात. तेथे शौचालय आणि कचरापेटी आहे की नाही, हे पाहणे शेजारच्या संकुलाचेही कर्तव्य आहे.

चालण्यातील सावधानता पुढची. डोंगराच्या कडेने पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर एकट्याने, कानात यंत्र घालून फिरू नये. मुलांना अंधार पडण्यापूर्वी घरात बोलवावे. ती गटाने, बोलत-गात चालावीत. बिबट्या समोर आलाच, तर पळू नये, वाकू नये, पाठ फिरवू नये. लहान मूल उचलून घ्यावे, ताठ उभे राहावे आणि त्याला जाण्यास वाट ठेवून हळूहळू मागे सरावे. घोडबंदर मार्गावर पहाटेच्या विहारात साधू-साध्वींसोबत श्रावक जातात. त्यांनी विजेरी आणि चमकणारे पट्टे अवश्य वापरावेत. तेथे बिबट्यापेक्षा भरधाव वाहनाचा धोका कितीतरी अधिक आहे.

आणि भाषेचा संयम. खात्री नसलेली चित्रफीत पुढे पाठवू नये. प्राणी खरोखर दिसल्यास राज्य वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि पोलिसांना गर्दी हटवण्यास साहाय्य करावे. बेशुद्धीचे औषध अंगात भिनण्यास काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत शंभर माणसे ओरडत, चित्रण करीत उभी असतील तर प्राणी आणि बचाव पथक या दोघांचाही जीव धोक्यात येतो. वस्तीतून केवळ जात असलेल्या बिबट्यासाठी सर्वांत परिणामकारक उपाय अनेकदा सर्वांत साधा असतो: माणसांनी आत जावे, दिवे लावावेत, वाट मोकळी ठेवावी आणि रात्र होऊ द्यावी. तो आपणहून निघून जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिले आहे. त्याला पकडायचे की नाही, हा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारातील आहे. नगरसेवकाच्या किंवा संस्थेच्या अध्यक्षांच्या नव्हे. एखादा बिबट्या वारंवार माणसांवर हल्ले करू लागल्याचे सिद्ध झाले, तर त्याला पकडावेच लागते, आणि तेव्हा तो निर्णय विनाविलंब व्हावा, हेही न्याय्य आहे.

पावसाळ्याच्या संध्याकाळी बाळकुमच्या गच्चीतून येऊरच्या डोंगरावर ढग उतरताना दिसतात. त्या काळोखात कोठेतरी एक आई आपल्या पिल्लांना रस्ता ओलांडण्यापूर्वी थांबावयास शिकवीत असेल. खाली संकुलाच्या बागेत दुसरी आई आपल्या मुलाला हाक मारून घरात बोलावीत असेल. दोघींच्या मनात भय आहे आणि ते एकमेकींचेच आहे. ते भय पूर्णपणे नाहीसे होणार नाही, व्हावेही असे नाही. त्या भयाने हातात दगड घ्यायचा की कचऱ्याच्या डब्यावर झाकण ठेवायचे, एवढे मात्र गृहस्थाच्या विवेकावर अवलंबून आहे.